दोन नंबरांमधली रेघ : बायफोकल काचांची पार्श्वभूमी

चाळिशीनंतर डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते आणि जवळचे पाहताना त्याला जो फुगवटा घ्यावा लागतो तो घेणे हळूहळू जमेनासे होते. ज्याला आधीपासून लांबचा नंबर आहे त्याला मग दोन चष्मे बाळगावे लागतात. एकाच काचेत दोन्ही नंबर बसवण्याची कल्पना या काढघालीतून आली, आणि त्यानंतरचा सगळा इतिहास दोन नंबरांमधली रेघ कोठे व कशी असावी या एका प्रश्नाभोवती फिरतो.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी पॅरिसजवळच्या पासी येथून २३ मे १७८५ रोजी जॉर्ज व्हॉटली यांना लिहिलेल्या पत्रात आपली युक्ती सांगितली आहे. दोन चष्म्यांच्या काचा आडव्या कापून लांबच्या नंबराचा अर्धा भाग वर आणि जवळच्या नंबराचा अर्धा भाग खाली, असे एकाच फ्रेममध्ये त्यांनी बसवून घेतले होते. जेवणाच्या टेबलावर समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसला की त्याचे फ्रेंच बोलणे अधिक चांगले समजते, हे त्यांचे निरीक्षण मला त्या पत्रातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण दोन अंतरांवर आलटून पालटून पाहण्याची गरज त्यातून नेमकी कळते. ‘बायफोकल’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. तो जॉन आयझॅक हॉकिन्स यांनी १८२४ मध्ये वापरात आणला. १८२७ मध्ये त्यांनी तीन नंबरांच्या काचेचे पेटंटही घेतले.

कापलेल्या अर्ध्या काचा फ्रेममध्ये सैल होत आणि जोडात मळ साचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळच्या नंबराची पातळ चकती कॅनडा बाल्समने मुख्य काचेवर चिकटवू लागले; पण हा डिंक उष्णतेने मऊ पडे आणि कालांतराने पिवळा होई. खरी सुधारणा १९०८ मध्ये जॉन बॉर्श यांच्या क्रिप्टॉक काचेने झाली. तिची रीत अशी : क्राउन काचेत (चष्म्याची नेहमीची काच) नेमक्या वक्रतेची उथळ वाटी घासून ती पॉलिश करायची, तिच्यात फ्लिंट काचेचे (प्रकाश जास्त वाकवणारी शिसेयुक्त काच) बटण ठेवायचे आणि भट्टीत दोन्ही एकजीव करायचे. फ्लिंट कमी तापमानाला मऊ पडते, त्यामुळे ती वाटीत बसते आणि क्राउनचा आकार टिकतो. मात्र दोघींचे प्रसरण जुळले नाही, तर थंड होताना काच तडकते. शेवटी पुढचा पृष्ठभाग सलग एकाच वक्रतेत घासला जातो, त्यामुळे नख फिरवले तरी जोड लागत नाही. जवळचा नंबर तयार होतो तो दोन काचांच्या अपवर्तनांकांतील (काच प्रकाश किती वाकवते याचे माप) फरकामुळे आणि वाटीच्या वक्रतेमुळे.

क्रिप्टॉकची रेघ नजरेला जवळपास दिसत नसे, आणि दिसण्याच्या दृष्टीने तिचे कौतुक योग्यच होते. वापरणाऱ्याच्या सोयीचे तसे म्हणता येत नाही. फ्लिंटमुळे अक्षरांच्या कडेला रंगांची झालर दिसे. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे, नजर खाली जाताना रेघ ओलांडताच समोरची वस्तू एकदम वर उडी मारल्यासारखी दिसे. जवळच्या नंबराच्या गोल तुकड्याचा व्यास २२ मिलिमीटर असेल, तर त्याचा प्रकाशीय मध्य, म्हणजे जिथून किरण न वाकता सरळ जातो तो बिंदू, वरच्या कडेपासून ११ मिलिमीटर खाली असतो. जवळच्यासाठी लांबच्या नंबरात घातलेला वाढीव नंबर २ असेल, तर १.१ सेंटिमीटर गुणिले २, म्हणजे २.२ प्रिझम डायॉप्टर (१ प्रिझम डायॉप्टर म्हणजे एक मीटरवर एक सेंटिमीटर सरकणे) इतकी ही उडी भरते. पायरी उतरताना पाय चुकण्याचे हे एक कारण आहे; दुसरे असे, की खालच्या भागातून पायरी मुळात अस्पष्टच दिसते.

यावरचा उपाय डी-बायफोकलमध्ये, म्हणजे आडव्या पाडलेल्या इंग्रजी ‘डी’ अक्षरासारख्या तुकड्याच्या काचेत, आहे. वरची कड सरळ कापल्याने प्रकाशीय मध्य रेघेच्या जवळ येतो. २८ मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यात तो साधारण ५ मिलिमीटर खाली असतो, म्हणून त्याच नंबराला उडी १ प्रिझम डायॉप्टरच्या आसपास राहते. काचेत हा आकार साधण्याची हिकमत मला या साऱ्या कारागिरीत सर्वांत सुंदर वाटते. गोल बटणच आधी दोन तुकड्यांचे बनवतात : खाली जास्त अपवर्तनांकाची काच, वर मुख्य काचेच्याच जातीची. भट्टीत वरचा तुकडा मुख्य काचेत मिसळून नाहीसा होतो आणि उरतो तो फक्त ‘डी’.

एक्झिक्युटिव्ह प्रकारात रेघ काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि दोन्ही मध्य तिच्यावरच आणता येतात, त्यामुळे उडी उरत नाही. ही काच दोन वक्रतांची पण एकाच तुकड्यातली असते. दिवसभर हिशेबाची वही किंवा मोठा नकाशा समोर असणाऱ्याला तिची रुंदी उपयोगी पडते; बदल्यात काच जाड होते आणि कडेकडे उंच होत जाणाऱ्या पायरीत धूळ साचते.

सीआर-३९ हे प्लास्टिक १९४० च्या दशकात चष्म्यात आले आणि भट्टीची जागा साच्याने घेतली. पुढच्या बाजूच्या साच्यात जवळच्या तुकड्याची जास्त वक्रता आधीच खोदलेली असते; दोन साच्यांमध्ये कडेने गळती रोखणारे गॅस्केट लावून द्रव राळ ओततात आणि ओव्हनमध्ये अनेक तास सावकाश घट्ट होऊ देतात. पदार्थ एकच असल्याने फ्लिंटची रंगीत झालर गेली, पण तुकडा पृष्ठभागावर किंचित उठून राहतो आणि नखाला लागतो. साच्यातून निघालेल्या जाड काचेची मागची बाजू नंतर प्रयोगशाळेत घासून त्यात लांबचा नंबर आणि सिलिंडर (तिरकस दृष्टिदोषाचा नंबर) आणतात. १९५९ मध्ये बर्नार्ड मेतनाझ यांची व्हॅरिलक्स ही रेघविरहित प्रोग्रेसिव्ह काच बाजारात आली. तिच्यात नंबर वरून खाली सलग वाढत जातो, मात्र दोन्ही बाजूंना प्रतिमा विकृत दिसते. ज्यांना ती विकृती सोसवत नाही, त्यांच्यासाठी डी-बायफोकल आजही बनवले जातात.