खान्देशातलं ऊन, पन्नाशीची बाई आणि थायरॉईड : पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडे पन्नाशी ओलांडलेली बाई अंगदुखी, थकवा, वाढतं वजन अशी गाऱ्हाणी घेऊन दवाखान्यात गेली, की हल्ली टीएसएच (थायरॉईड ग्रंथीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) आणि व्हिटॅमिन डी या तपासण्या बहुधा जोडीनंच लिहून मिळतात. दोन्हींत गडबड निघाली की घरी निदान ठरलेलं : डी कमी, म्हणून थायरॉईड. प्रत्यक्षात या दोन गोष्टींचे इतिहास अगदी वेगवेगळे आहेत.

थायरॉईडची गोष्ट मिठाची. डोंगरउतारावरच्या जमिनीतलं आयोडीन पावसाबरोबर धुऊन जातं, आणि तिथल्या माणसांच्या गळ्यावर गलगंड दिसू लागतो. 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा गुण दाखवून दिला, 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला, आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर पुन्हा बंदी झाली. खडेमीठ मागे पडून पुडीतलं मीठ आलं. आज शहरा-गावांत जे थायरॉईडचे रुग्ण दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणींचा आजार आयोडीनच्या कमतरतेचा नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. जपानच्या हाकारू हाशिमोटो यांनी त्याचं वर्णन 1912 मध्ये केलं होतं, म्हणून तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो.

डी जीवनसत्त्वाची गोष्ट हाडांची. 1919 मध्ये इंग्लंडात एडवर्ड मेलनबी यांनी मुडदूस (हाडं मऊ पडून वाकण्याचा आजार) झालेल्या कुत्र्यांवर कॉड माशाच्या तेलाचा गुण पाहिला, 1922 मध्ये अमेरिकेत मॅककॉलम यांनी त्यातला घटक वेगळा ओळखला. आपल्याकडे मात्र 'एवढं ऊन, कमतरता कसली?' हाच समज होता. 2000 साली दिल्लीतल्या धडधाकट माणसांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि तो समज कोसळला.

खान्देशात हे कोडं जास्तच बोचतं. मे महिन्यात पारा 45 अंशांना टेकतो, पण कपाशीच्या वावरात राबणारी बाई पाहा : साडीवर घरच्या माणसाचा लांब बाह्यांचा शर्ट, डोकं-तोंड रुमालानं गुंडाळलेलं, उघडे फक्त डोळे आणि बोटं. त्यात तिची काही चूक नाही, ऊन लागून माणसं दगावतात इथे. पण त्वचेत डी तयार करणारे किरण दुपारच्या आसपासच पुरेसे तीव्र असतात, सावळ्या कातडीला ते जास्त वेळ लागतात आणि वयाबरोबर कातडीची ही ताकदही घटते. पूर्वी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, कुरडया-पापड घालताना निदान हात उघडे असायचे. फ्लॅटमध्ये तेही गेलं.

त्यात पाळी जाते. 1941 मध्ये फुलर अल्ब्राइट यांनी पाळी गेल्यानंतर ठिसूळ होणाऱ्या हाडांचा संबंध इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या कमतरतेशी जोडला. या वयात थायरॉईडचा त्रासही वाढतो. म्हणून तीन कारणं एकाच बाईच्या अंगात येऊन भेटतात आणि तिन्हींची दुखणी सारखीच वाटतात.

मग डीमुळे थायरॉईड बिघडतं का? हाशिमोटोच्या रुग्णांत डी कमी सापडतं खरं, पण आधी काय आणि नंतर काय ते त्यावरून ठरत नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत पन्नाशीपुढच्या लोकांना रोज 2000 युनिट डी सुमारे पाच वर्षं दिलं, तिचे निष्कर्ष 2022 साली आले. स्वप्रतिकारक (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे) आजार एकत्र मोजले तर 22 टक्के कमी दिसले, पण एकट्या थायरॉईडपुरता ठाम फरक सिद्ध झाला नाही. म्हणून डीची पावडर सुरू झाली की थायरॉईडची गोळी सोडणं मला फार धोक्याचं वाटतं. 60,000 युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेत राहणंही तसंच, रक्तातलं कॅल्शियम त्यानं वाढू शकतं.

आणखी एक गोष्ट घरोघरी चुकते. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घेतली जाते, पण कॅल्शियमची गोळीही लगेच पोटात जाते आणि पहिलीचं शोषण अडतं. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. उलट थायरॉईडचा डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर पाळी गेलेल्या बाईची हाडं आणखी झिजतात, म्हणून टीएसएच वेळच्या वेळी तपासून डोस ठरवावा लागतो.