भूप की देसकार? वेष्टणावरचं नाव झाकून ऐका

रविवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण जमतो. प्रत्येकानं एक रेकॉर्डिंग आणायचं, वीसेक मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं, मग चहा आणि भांडण. एका रविवारी विषय ठरला भूप हा राग. मी बासरीची एक जुनी कॅसेट नेली. परिचितांपैकी कुणीतरी दिलेली, वेष्टणावर निळ्या शाईत ठळक 'भूप'. किशोरी आमोणकरांच्या भूपानंतर ती लावली आणि मीच तोऱ्यात म्हणालो, "बासरी जरा उथळच वाटते नाही? खाली उतरतच नाहीये." कोपऱ्यातले काका एरवी फक्त मान डोलावतात. ते म्हणाले, "खाली कशाला उतरेल? देसकार आहे तो."

म्हणजे मी दोन वेगळे राग एकाच तराजूत टाकून एकाला नापास करून मोकळा झालो होतो.

चूक व्हायला जागा आहे, हे मात्र खरं. दोन्ही रागांत सूर पाचच आणि तेच: सा, रे, ग, प, ध. सगळे शुद्ध, मध्यम (म) आणि निषाद (नि) दोन्हीकडे वर्ज्य, म्हणजे घ्यायचेच नाहीत. पेटीवर एकाचा आरोह-अवरोह वाजवला की दुसऱ्याचाही वाजून होतो. पुस्तकात राग थाटांत, म्हणजे सात सुरांच्या ठरीव साच्यांत, वाटलेले असतात; तिथे पाहावं तर भूप कल्याण थाटात आणि देसकार बिलावल थाटात. आता कल्याण आणि बिलावल या थाटांत फरक एका मध्यमाचा, तिकडे तीव्र, इकडे शुद्ध. आणि या दोन्ही रागांत मध्यमच नाही! ही वाटणी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती निव्वळ कागदी वाटली होती. पण ती सुरांच्या यादीवरून केलेलीच नाही, रागाच्या चालीवरून केलेली आहे. भूप ऐकताना कल्याणाची आठवण येते, देसकार ऐकताना बिलावलाची. कान आधी, थाट नंतर.

भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग); संवादी, म्हणजे त्याच्या खालोखालचा, धैवत (ध). देसकारात नेमकं उलट. हे वाक्य परीक्षेला पाठ करतात आणि विसरतात, कारण ते ऐकायचं कसं हे कुणी सांगत नाही. मी असं ऐकतो: गाणारा दम घ्यायला कुठे थांबतो? भूपात तो ग वर येऊन टेकतो. 'ग, रे, सा, मंद्र ध, सा रे ग' अशी एक फेरी खाली, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात, मारून परत ग वर. वर गेला तरी 'प ग, ध प ग, रे सा' असा घरी येतो. धैवत लागतो, सुंदर लागतो, पण तिथे मुक्काम नसतो. मंद्रातला धैवत तर भूपाचा जीव. त्या खालच्या ध वरून सा, रे करत ग वर चढताना रागाला जे वजन येतं, तेच मी बासरीत शोधत बसलो होतो.

देसकाराला त्या तळघरात जायचंच नसतं. त्याचा कारभार वरच्या मजल्यावर, पंचमापासून तार, म्हणजे वरच्या सप्तकातल्या, षड्जापर्यंत. 'ध, प, ग प, ग रे सा' ही त्याची खूण. धैवतावर ठाम थांबायचं, तिथून पंचमावर यायचं, पुन्हा धैवताकडे. ग वरून प ला स्पर्श करून लगेच ध गाठला जातो आणि तार सा फार लवकर येतो. रिषभाला इथे मान कमी. वर जाताना बरेचदा सा वरून थेट ग, आणि येताना रे नुसता ओझरता. भूपात मात्र रे ग च्या जोडीनं निवांत बसलेला सापडतो. देसकाराचा धैवत किंचित चढा लावावा असंही काही जाणकार म्हणतात. माझ्या कानाला ते दर वेळी कळतं असा दावा मी करणार नाही.

घरी करून पाहायचं असेल तर पेटीवर दोनच तुकडे वाजवा. आधी 'सा, मंद्र ध, सा रे ग' आणि ग दाबून ठेवा. मग 'ग प ध', ध दाबून ठेवा आणि सावकाश प वर या. पाच-सहा वेळा आलटून पालटून. पट्ट्या त्याच, पण पहिल्यात दिवेलागण होते आणि दुसऱ्यात ऊन येतं. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देसकार सकाळचा, ही वेळेची विभागणी मला एरवी फारशी जाचत नाही, पण या जोडीच्या बाबतीत ती पटते.

रेकॉर्डिंग समोर आलं की सुरुवातीची आलापी, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतला भाग, एवढंच ऐकून ठरवा. किशोरीताईंच्या भूपात 'प्रथम सुर साधे' हा विलंबित ख्याल आहे आणि मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं, 'सहेला रे'. लोक घाईनं 'सहेला रे'वर उडी मारतात. मारोत बापडे, चीजच तशी आहे. पण भूप शिकायचा तर विलंबितात गंधाराला किती तऱ्हांनी वळसे घातलेत ते ऐकावं. द्रुत ताना निकाल लावायला निरुपयोगी. त्या वेगात थांबायला जागाच नसते, आणि न थांबता भूप कुठला नि देसकार कुठला? फक्त शेवटची पाच मिनिटं टिपलेली अर्धवट रेकॉर्डिंगं म्हणूनच फसवतात.

मराठी माणसाची आणखी एक पंचाईत आहे. भूपाला भूपालीही म्हणतात. आणि आपल्याकडे भूपाळी म्हणजे पहाटे देवाला जागवायचं गाणं. त्यामुळे 'भूपाली सकाळचा राग' असं लोक बेधडक सांगतात. भूपाळी हा गाण्याचा प्रकार, तो कुठल्याही रागसुरांत असू शकतो, आणि 'घनश्याम सुंदरा'सारखी भूपाच्या सुरांतली चाल आपल्या कानात इतकी भिनलेली आहे की घोळ पक्का होतो. सुधीर फडक्यांनी लताबाईंकडून गाऊन घेतलेलं 'ज्योति कलश छलके' हे गाणं भूपातलं की देसकारातलं, यावरही अजून भांडणं होतात. आमच्याकडेही झालं, चहा दोनदा गरम करावा लागला. माझं मत असं, की चित्रपटातल्या गाण्याला रागाची हद्द पाळायची सक्ती नसते, तेव्हा त्याला साक्षीदार म्हणून उभं करू नये.

शुद्ध कल्याण हा रागही कधी कधी भूपाच्या वेष्टणात निघतो. तो चढताना भूपासारखाच असतो, पण उतरताना मींडेत, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, निषाद आणि तीव्र मध्यम हलकेच डोकावतात. एकदा तो नि कानात शिरला की संशय उरत नाही.

तर ती बासरी. काकांनी ती पहिल्यापासून लावायला लावली आणि धैवतावर थांबा आला की टेबलावर बोटानं टक् करायचे. पहिल्या चार मिनिटांतच मोजदाद सोडून दिली आम्ही. खाली न उतरणं हा तिचा दोष नव्हताच, तो रागाचा बाज होता, आणि त्या बाजात ती झकास वाजत होती.

कॅसेटवरचं निळं 'भूप' मी खोडलं नाही. खाली पेन्सिलीनं 'देसकार' लिहिलं. काकांनी ती ऐकायला मागून नेली आहे. म्हणाले, सकाळी अंघोळीनंतर लावीन.