घरात गरोदर बाई असेल तर पहिली मच्छरदाणी तिच्या बाजेला

नमस्कार मंडळी, गडचिरोलीत आपलं मच्छरदाणी आणि खिडकीच्या जाळीचं छोटं दुकान आहे. रोवणी सुरू झाली की गिऱ्हाईक येतं आणि डबलबेडची केवढ्याला एवढंच विचारतं, पण आम्ही उलट विचारतो की घरात कोणाला दिवस गेलेत का, कारण तसं असेल तर पहिली तिच्यासाठी, बाकीच्यांचं नंतर बघू.

गरोदरपणात मलेरियाशी लढायची ताकद कमी पडते, पहिलटकरणीची तर जास्तच. आपल्या जिल्ह्यात मलेरियाचा फॅल्सिपेरम नावाचा जंतू जास्त सापडतो आणि तो वारेत जाऊन चिकटून बसतो. बाळाचं सगळं पोषण त्या वारेतूनच, मग बाळ अडीच किलोच्या आत भरतं, दिवस भरायच्या आधी होतं, कधी पोटातच दगावतं. आईचं हिमोग्लोबिन बऱ्याचदा आधीच 9-10, ते अजून खाली येतं. त्यात जंतू वारेत लपला की बोटाच्या रक्तात कधीकधी दिसतच नाही, म्हणून एकदा निगेटिव्ह आलं तरी ताप हटत नसेल तर परत टेस्ट करा. आशाताईंकडे किट असतं, फुकट, 15-20 मिनिटांत कळतं.

मेडिकलमधून मनानेच गोळ्या आणू नका हो. मलेरियावरची प्रायमाक्विन गोळी गरोदर बाईला देत नाहीत, आणि बाकीची औषधं पण महिना बघून ठरतात, तर डॉक्टरला कितवा महिना ते आधी सांगा.

आता जाळीचं. मलेरियाचा डास दिवस मावळल्यापासून पहाटेपर्यंत चावतो. साध्या जाळीला पाय टेकला की बाहेरून चावतोच, त्यामुळे मोठं माप घ्या आणि कडा गादीखाली नीट खोचा. औषधवाली असेल तर साधारण 3 वर्षं, 20 धुण्यापर्यंत चालते, साध्या साबणाने हलकं धुवायचं आणि सावलीतच वाळवायचं, उन्हात औषध उडतं. सरकारी औषधवाली फुकट मिळाली असेल तर आमच्याकडची घेऊ नका, खरंच, तीच वापरा, फक्त ती नाल्यावर मासे धरायला नेऊ नका (दरवर्षी बघतो आम्ही!). भोक पडलं असेल तर घेऊन या, शिवून देतो.

येताना बाजेची लांबी, रुंदी आणि छतापर्यंतची उंची मोजून आणा.