३०५४ चा पैसा आणि गावाकडच्या रस्त्यांवरचे अपघात : पार्श्वभूमी

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात दोन आकडे दिवसभर कानावर पडतात : ३०५४ आणि ५०५४. हे अंदाजपत्रकातले रस्ते-पुलांच्या खर्चाचे कप्पे, म्हणजे लेखाशीर्षं. पहिलं देखभाल-दुरुस्तीचं, महसुली (चालू) खर्चाचं; दुसरं नव्या कामांचं, भांडवली. ५०५४ मधल्या कामाला भूमिपूजन असतं, नारळ असतो, फलकावर नावं असतात. ३०५४ मधून साईडपट्टीवर, म्हणजे डांबराच्या कडेच्या पट्ट्यावर, मुरूम पडतो, बुजलेली गटारं उपसली जातात, वळणावरची वेडी बाभूळ छाटली जाते. त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही. पैसा कमी पडला की कात्री कुठे लागते, हे वेगळं सांगायला नको.

महाराष्ट्रातल्या खेड्यांना जोडणारे बरेचसे रस्ते १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीतून झाले. माती, मुरूम, फार तर खडी. हाताला काम देणं हा मूळ हेतू होता, रस्ता हे त्याचं फलित. तो पुढे कोण सांभाळणार, हा प्रश्न तेव्हा कोणी फारसा विचारला नाही. डांबरी रस्त्यांवर मात्र मैलकुली असायचा. ठरलेल्या लांबीत रोज फिरायचं, पाण्याला वाट करून द्यायची, खचलेली कड भरायची, खड्डा लहान असतानाच बुजवायचा, एवढंच त्याचं काम. माणसं निवृत्त होत गेली, जागा रिकाम्या राहिल्या आणि दुरुस्ती निविदेवर गेली. निविदेला वेळ लागतो, आणि खड्डा तेवढा थांबत नाही.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट भागात ५०० आणि डोंगरी-आदिवासी भागात २५० लोकवस्तीपर्यंतच्या वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्याने जोडायच्या, असं ठरलं. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानेच पाच वर्षं तो सांभाळायचा, ही तिची सर्वांत चांगली अट. पुढे २०१५ ला आलेल्या राज्याच्या मुख्यमंत्री ग्रामसडक योजनेनेही ती उचलली. पण बांधणीचा मोठा वाटा केंद्राचा आणि देखभालीचा खर्च राज्याचा, अशी विभागणी होती. सहाव्या वर्षी रस्ता पुन्हा ३०५४ च्या रांगेत येतो, आणि नेमकं त्याच सुमाराला त्याला डांबराचा नवा थर हवा असतो.

या सगळ्या इतिहासात एका निर्णयाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा आणि अनुदानं सुचवणाऱ्या वित्त आयोगांपैकी बाराव्याने राज्यांना केवळ रस्ते आणि पुलांच्या देखभालीसाठी १५,००० कोटी रुपये देऊ केले होते, तेराव्याने १९,९३० कोटी. दोन्ही वेळा रोख असा की, राज्याचा नेहमीचा देखभाल खर्च चालूच राहावा आणि हे पैसे त्याच्यावर भर म्हणून पडावेत. म्हणजे केंद्राचे पैसे आले म्हणून आपले काढून घेण्याची पळवाट बंद करण्याचा प्रयत्न होता. तो किती साधला यावर मतं वेगळी असू शकतात, पण देखभालीला स्वतःचं नाव असलेला पैसा होता, हे नाकारता येत नाही.

तो निर्णय चौदाव्या आयोगाचा. त्याने २०१५ पासून ही वेगळी अनुदानं बंद केली आणि केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला. राज्यांना आपले अग्रक्रम कळतात, दिल्लीने प्रत्येक रुपयावर चिठ्ठी का चिकटवावी, हा त्यामागचा विचार. संघराज्याच्या तत्त्वाला तो धरूनच होता आणि त्याला विरोध करणं अवघड होतं. पण चिठ्ठी निघाली की पैसा पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि कर्जमाफीच्या पंगतीला जाऊन बसतो. तिथे मुरमाचा नंबर शेवटचा. शिवाय महसुली तूट आटोक्यात ठेवण्याच्या दंडकात ३०५४ हा 'खर्च' ठरतो आणि ५०५४ ही 'गुंतवणूक'. कागदावर नवा रस्ता संपत्ती निर्माण करतो. आहे तो रस्ता टिकवला तर काहीच निर्माण होत नाही. हे हिशेबाचं शास्त्र असेल, पण शहाणपण खचित नाही.

पंधराव्या आयोगाला ही खोच दिसली असावी. त्याने ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांच्या देखभालीसाठी २०२१ ते २०२६ या काळात २७,५३९ कोटींची शिफारस केली. या क्षेत्रनिहाय अनुदानांचा 'यथोचित विचार' केला जाईल, असं उत्तर केंद्राने दिलं. सरकारी भाषेची सवय असलेल्यांना त्याचा अर्थ लगेच कळला : पैसे येणार नाहीत.

या पैशाचा अपघाताशी संबंध म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे खड्डा येतो. पण ग्रामीण रस्ता बहुतेक ठिकाणी पावणेचार मीटरचा, एकपदरी. समोरून गाडी आली की एकाला खाली उतरावंच लागतं. पावसाने साईडपट्टीचा मुरूम वाहून गेला की डांबराच्या कडेला वीतभर उंचीची पायरी तयार होते. दुचाकीचं पुढचं चाक तिथून घसरलं की परत वर चढत नाही, आडवं होतं. ऊसपट्ट्यात यात गळीत हंगामाची भर पडते. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. हलक्या वाहतुकीसाठी बांधलेली कड त्याच्या वजनाने तुटत जाते. कड भरायला, झाडी छाटायला, पांढरा पट्टा मारायला लागणारा खर्च डांबरीकरणापुढे किरकोळ आहे. अंदाजपत्रकातून आधी गळतात ती हीच कामं. खड्डे मात्र भरले जातात, कारण त्यांचे फोटो निघतात.

उलट बाजूही आहे. दुरुस्त झालेल्या रस्त्यावर वेग वाढतो. मग गावकरी स्वतःच गतिरोधक घालतात, ना रंग ना फलक. नुसत्या डांबरावर पैसा ओतला म्हणून रस्ता सुरक्षित होईलच असं नाही.

तुटलेल्या कडेचं हे कारण आकडेवारीत का दिसत नाही, याचं उत्तर पोलीस ठाण्यात आहे. केंद्राच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले (यात तिथून जाणारे महामार्गही आले), आणि एकूण मृतांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे. कारणांच्या रकान्यात ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर. खड्ड्यांच्या नावावर १,८५६, म्हणजे जेमतेम एक टक्का. तुटलेल्या कडेवरून एकटा दुचाकीस्वार घसरून मेला तर अनेकदा हयगयीने, भरधाव वाहन चालवल्याचा गुन्हा त्या मयतावरच दाखल होतो. पंचनाम्यात रस्ता 'डांबरी, सरळ' एवढाच असतो. साईडपट्टी किती खाली होती, हे मोजायला कोणी टेप घेऊन जात नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने कलम १९८अ आणलं. आता सदोष रस्त्यामुळे मृत्यू वा अपंगत्व आल्यास रस्ता सांभाळणाऱ्या यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. पण तपास मयताच्या वेगापाशीच थांबला, तर ते कलम लावणार कोण?

पुलांचंही तेच. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचं आधीच ठरलेलं होतं, नव्या पुलाला निधीही मंजूर होता.

त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्याला मंजुरी मिळाली होती : ६२,५०० किलोमीटर नवे रस्ते, खर्च ७०,१२५ कोटी. पहिल्या टप्प्यातल्या सुरुवातीच्या रस्त्यांना तोवर वीस वर्षं उलटून गेली होती.