अर्ध्या कोनातले सहा बॉल

निपाणी-चिकोडी पट्ट्यात शेताच्या बांधाशी आलेला ट्रॅक्टरवाला पीटीओ, म्हणजे अवजाराला ताकद देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, चालू ठेवूनच रोटाव्हेटर वर उचलतो आणि दोघांना जोडणारा शाफ्ट लगेच खडखडायला लागतो. कारण त्या शाफ्टच्या दोन्ही टोकांना असलेल्या क्रॉसमध्ये, म्हणजे तिरक्या कोनातही फिरू देणाऱ्या फुलीच्या आकाराच्या सांध्यामध्ये आहे. पीटीओ मिनिटाला 540 फेरे घेतो. क्रॉसमध्ये 30 अंशांचा कोन पडला, तर पलीकडची बाजूही सरासरीने तेवढेच फेरे घेते, पण एकसारखी फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा 468 पर्यंत मंदावते आणि दोनदा 624 पर्यंत पळते. दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि क्रॉस धरणारे काटे नीट जुळवलेले असतील, तर एका क्रॉसची चूक दुसरा निस्तरतो. रोटाव्हेटर उचलला की कोन बिघडतात, मग खडखडाट.

ॲम्बेसेडरच्या काळात गाड्यांना याचा फारसा जाच नव्हता. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, मधल्या लांब शाफ्टचे कोन लहान. 1983 च्या शेवटी मारुती 800 आली आणि ओढणं, वळणं ही दोन्ही कामं पुढच्या चाकांकडे गेली. चोर्ला घाटातल्या वळणावर स्टेअरिंग पूर्ण कापलं की चाक बरंच तिरकं होतं. त्या कोनात साधा क्रॉस असता, तर प्रत्येक फेऱ्यातले हिसके थेट ड्रायव्हरच्या हातात आले असते.

यावरचा उपाय तोवर जुना झाला होता. फोर्डमध्ये इंजिनिअर असलेल्या आल्फ्रेड रझेपा यांनी 1920 च्या दशकात तो शोधला आणि 1959 च्या ब्रिटिश मिनीमुळे तो छोट्या गाड्यांत रुळला. चाकाकडच्या या सीव्ही (कॉन्स्टंट व्हेलॉसिटी, म्हणजे एकसारख्या गतीच्या) जॉइंटमध्ये आत एक गोळा आणि बाहेर एक वाटी असते. दोन्हींवर सहा-सहा वक्र खाचा कोरलेल्या असतात. त्या खाचांमध्ये सहा बॉल बसतात आणि एक पिंजरा त्यांना एका पातळीत धरून ठेवतो. ताकद या बॉलमधूनच चाकाकडे जाते.

खरी करामत आहे ती बॉल कुठे थांबतात यात. आतल्या आणि बाहेरच्या खाचांचे मध्यबिंदू जॉइंटच्या मध्यापासून विरुद्ध बाजूंना सारख्याच अंतरावर सरकवलेले असतात. त्यामुळे समोरासमोरच्या खाचा एका बाजूला निमुळत्या होतात आणि बॉलला ढकलत नेमक्या अर्ध्या कोनावर आणून ठेवतात. दोन शाफ्टमध्ये 40 अंशांचा कोन असेल, तर बॉलची पातळी 20 अंशांवर. त्या पातळीतला प्रत्येक बॉल दोन्ही शाफ्टच्या अक्षांपासून सारख्याच अंतरावर असतो. अंतर सारखं आणि बॉलचा वेगही एकच, म्हणजे दोन्ही शाफ्ट प्रत्येक क्षणी एकाच गतीने फिरणार. एवढंच गणित. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला विचारा, वक्र खाच कापणं, तिला पाणी देऊन कडक करणं आणि मग सहाही खाचा एकसारख्या ग्राइंड करणं म्हणजे काय, ते!

गिअरबॉक्सकडच्या जॉइंटचं काम वेगळं. चाक खड्ड्यात गेलं की गिअरबॉक्सपासूनचं त्याचं अंतर बदलतं, म्हणून तिथे शाफ्ट आतबाहेर सरकायला हवा. बहुतेक गाड्यांत तिथे तीन रोलरचा जॉइंट असतो आणि रोलर सरळ खाचांमधून मागेपुढे धावतात.

इतकं सगळं नेमकं यंत्र जगतं मात्र एका घड्यांच्या रबरी बुटावर, म्हणजे जॉइंटवर चढवलेल्या आवरणावर. जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर पावसाळ्यात लाल चिखल उडतो, खडी लागते, वर्षानुवर्षं दुमडून घड्यांना चिरा पडतात. बहुधा बाहेरचा, म्हणजे चाकाकडचा, बूट आधी फाटतो, कारण जास्त दुमडतो तोच. मग आतलं काळं ग्रीस फिरत्या शाफ्टमुळे भिरकावलं जातं आणि चिखलातली बारीक रेती बॉलपर्यंत पोचते. जॉइंट सहसा आपणहून झिजत नाही, त्याला ही रेती खाते. रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसले, की बूट लगेच बदलून घ्यावा आणि ग्रीस मॉलिब्डेनमवालंच भरून घ्यावं. हाताशी आहे म्हणून कुठलंही पिवळं ग्रीस थापू देऊ नये. आवाज सुरू झाल्यावर नुसता बूट बदलणं मला तरी वाया गेलेले पैसे वाटतात, कारण खाचांना पडलेले खड्डे ग्रीसने भरत नाहीत.

तपासायचं असेल तर मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी हळूहळू गोल फिरवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. कट्-कट् आवाज आला तर संशय बाहेरच्या जॉइंटवर. सरळ चढावर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी थरथरत असेल आणि पाय काढल्यावर थांबत असेल, तर आतला जॉइंट बघायला सांगा. जोरात पिक-अप घेताना स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, तो प्रकार निराळा. कित्येक गाड्यांत गिअरबॉक्स मधोमध नसतो, त्यामुळे एक शाफ्ट आखूड आणि दुसरा लांब. लांब शाफ्ट जास्त पिळवटतो, दोन्हींचे कोनही वेगळे पडतात. त्यात बिघाड काही नसतो.