क्षयाच्या नव्या औषधांमागची वाट

स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले आणि क्षयाच्या जंतूला मारणारे औषध रुग्णांना पहिल्यांदा मिळाले. पण पुढे ब्रिटनमधल्या चाचणीत सुधारलेले काही रुग्ण थोड्याच महिन्यांत पुन्हा खालावले. जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. एकाच औषधाने भागत नाही, हा धडा तेव्हाचा. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आले, साठच्या दशकात रिफॅम्पिसिन. पुढची चाळीस वर्षे मात्र जवळजवळ कोरडीच गेली. हा गरिबांचा आजार, त्यात कंपन्यांना नफा दिसेना. मला तरी हेच मोठे कारण वाटते.

दरम्यान आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना न जुमानणारा एमडीआर (बहुऔषधरोधी) क्षय पसरला. त्यावर दीड-दोन वर्षे उपचार चालत. रोज टोचाव्या लागणाऱ्या कॅनामायसिनने कितीतरी तरुण रुग्णांचे कान कायमचे गेले. २०११ च्या अखेरीस तर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी, तपासलेल्या एकाही औषधाला दाद न देणारे चार रुग्ण नोंदवले.

१९९८ मध्ये जंतूचा जीनोम, म्हणजे त्याची संपूर्ण जनुकीय माहिती, वाचून झाला होता. आता जंतूच्या जगण्याला लागणारे नेमके विकर (एन्झाइम) हेरून त्याला बसेल असा रेणू घडवू, अशी आशा होती. असे रेणू परीक्षानळीत विकराला रोखतही, पण जिवंत जंतूच्या मेणचट भिंतीपुढे बहुतेकांचे काही चालेना.

बेल्जियममध्ये संशोधक कोएन आंद्रिस यांच्या गटाने उलटी वाट धरली. क्षयाचा जंतू घातक, शिवाय दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस घेणारा. म्हणून त्याचा भराभर वाढणारा, निरुपद्रवी भाऊबंद घेऊन त्यावर ढिगाने रेणू तपासले. एकाने जंतू मारला. कसा, ते कळेना. मग त्या रेणूला पुरून उरलेले जंतू मुद्दाम वाढवून त्यांचा जीनोम वाचला. बदल सापडला तो जंतूला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपी सिंथेस या विकरात. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याच रेणूला, म्हणजे बेडाक्विलिनला, मान्यता मिळाली. प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन या औषधांच्या जोडीने ते देऊन, एमडीआर क्षयावर एकही सुई न टोचता सहा महिन्यांत उपचार करावेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये केली.

तरी बेडाक्विलिन चरबीत फार विरघळते, शरीरात महिनोन्‌महिने रेंगाळते आणि हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकते. काही जंतू ते बाहेर फेकायलाही शिकले आहेत. म्हणून एटीपी सिंथेसवरची पकड तशीच ठेवून चरबीत कमी विरघळणारे वारस घडवले गेले. त्यांतला टीबीएजे-८७६ हा रेणू रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचला आहे.