पार्श्वभूमी : स्ट्रॉबेरीच्या मळ्यातील मित्रबुरशी

थंडी पडली की महाबळेश्वर, पाचगणी, वाईकडची स्ट्रॉबेरी वाशीच्या फळबाजारात उतरते आणि तिथून दादर, क्रॉफर्ड मार्केटला पोचते. हे फळ सोलून खाता येत नाही. भर हंगामात तोडणीही एक-दोन दिवसांआड चालते. रासायनिक कीटकनाशक फवारल्यावर ठरलेले दिवस तोडणी थांबवायची, तर पिकलेले फळ वाफ्यावरच सडते. मावा, फुलकिडे, हुमणी या किडींवर बिव्हेरिया, मेटारायझियम, व्हर्टिसिलियम या कीड मारणाऱ्या बुरशींचा, म्हणजे मित्रबुरशींचा, विचार होतो तो यामुळे.

बुरशीने कीड मरते, हे ज्ञान मात्र जुने आहे. इटलीत रेशीमकिडे पांढरे, खडूसारखे कडक होऊन मरत. त्यामागे बुरशी आहे, हे अगोस्तिनो बास्सी यांनी १८३५ मध्ये दाखवले. बिव्हेरिया बॅसियाना हे नाव त्यांच्यावरूनच पडले. रेशीम बुडवणारा हा रोग होता. असाच रोग मुद्दाम किडीला लावावा, हे रशियन जीवशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉव्ह यांनी मनावर घेतले. १८७९ मध्ये ओडेसात (आजच्या युक्रेनमधले शहर) गव्हावरच्या भुंगेऱ्यांवर त्यांनी मेटारायझियमचे प्रयोग केले. ओडेसातले त्यांचे विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारे, परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे तेच. मुंबईकरांना हे नाते ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

१९३९ मध्ये डीडीटी या रसायनाचा कीटकनाशक गुण कळला आणि बुरशी मागे पडली. रसायनाने कीड लगेच मरते. बुरशीचा बीजाणू (बीसारखा सूक्ष्म कण) किडीच्या अंगाला चिकटतो, ओल मिळाली की रुजतो, विकरांनी (एन्झाइमनी) कातडी भेदून आत वाढतो. कीड मरायला कित्येक दिवस लागतात. पण बीजाणू किडीच्या पोटात जावा लागत नाही, म्हणून रस शोषणाऱ्या माव्यावरही तो चालतो. पुढे किडी रसायनांना दाद देईनाशा झाल्या, फळांवरच्या अवशेषांची चिंता वाढली, तेव्हा या जुन्या कामाकडे पुन्हा लक्ष गेले.

भारतात अशी उत्पादने १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदवावी लागतात. कडक उन्हात बीजाणू मरतात, म्हणून फवारणी संध्याकाळी करतात. स्ट्रॉबेरीत खरी अडचण वेगळीच आहे: भुरी या बुरशीजन्य रोगासाठी मारलेले बुरशीनाशक मित्रबुरशीलाही मारू शकते, त्यामुळे दोन्ही फवारण्यांत पुरेसे अंतर ठेवावे लागते.